बंदूक दिली, काडतुसांचे काय?

१ जानेवारी २०२३ ची संध्याकाळ. नववर्षाच्या जल्लोषाचा शीण देशातील शहरांच्या अंगावरून अजून उतरलेला नव्हता. नेमक्या त्याच वेळी जम्मू विभागात, राजौरी शहरापासून काही किलोमीटरवर असलेल्या ढांगरी गावात दहशतवादी शिरले आणि घरांत घुसून हिंदू ग्रामस्थांवर गोळ्या झाडू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक शोकमग्न असताना, त्याच गावात पेरून ठेवलेल्या स्फोटकाचा स्फोट झाला आणि त्यात दोन बालके बळी पडली. दोन दिवसांतील मृतांची संख्या अखेर सातवर गेली. वृत्तपत्रांनी बातमी छापली, नेत्यांनी निषेध केला, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या आणि आठवडा उलटताच उर्वरित भारत आपल्या उद्योगाला लागला.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. हल्लेखोर गावातून पळाले ते सुरक्षा दले येऊन पोहोचली म्हणून नव्हे. गावातल्याच एका ग्रामरक्षकाने आपली जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल उचलली आणि हल्लेखोरांच्या दिशेने गोळी झाडली, म्हणून ते पळाले. एका रायफलीने आणि दोन-चार काडतुसांनी त्या रात्री किती घरे वाचवली याची मोजदाद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. हल्ल्यानंतर मात्र ग्रामस्थांनी एक तक्रार उघडपणे मांडली. गावातील रक्षकांकडची शस्त्रे पूर्वीच परत घेतली गेली नसती तर मृतांचा आकडा कमी झाला असता, अशी ती तक्रार होती. ती ऐकून ज्याची मान खाली गेली नाही, त्याने राष्ट्रीय सुरक्षेवर भाषण करू नये हे बरे.

ग्रामरक्षक दले का उभी राहिली?

ही व्यवस्था कोणा अतिउत्साही संघटनेच्या डोक्यातून निघालेली नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये किश्तवाडजवळ बस अडवून हिंदू प्रवाशांना वेगळे काढण्यात आले आणि त्यांची हत्या करण्यात आली. त्या काळात डोडा, किश्तवाड, उधमपूर, राजौरी या डोंगराळ प्रदेशातील गावे एकमेकांपासून तासन् तास चालण्याच्या अंतरावर विखुरलेली होती. रस्ते नव्हते, दूरध्वनी नव्हते, आणि जवळच्या पोलीस चौकीतून मदत येईपर्यंत गावात फक्त प्रेते मोजायची उरत. काश्मीर खोऱ्यातून पंडितांचे निर्वासन १९९० मध्ये घडून गेले होते आणि तोच प्रयोग जम्मूच्या डोंगरात करण्याचा डाव स्पष्ट दिसत होता. अशा वेळी, १९९५ मध्ये, केंद्र शासनाच्या पुढाकाराने ग्राम संरक्षण समित्या स्थापन झाल्या. गावातल्या निवडक लोकांना थोडे प्रशिक्षण, थ्री-नॉट-थ्री रायफली आणि मोजकी काडतुसे देण्यात आली.

त्यानंतरही आघात थांबले नाहीत. एप्रिल १९९८ मध्ये प्राणकोट, जून १९९८ मध्ये चपनारी येथील लग्नाचे वऱ्हाड, एप्रिल २००६ मध्ये डोड्यातील कुल्हंड, अशी हत्याकांडांची मालिका चालूच राहिली. तरीही एक गोष्ट घडली नाही, आणि तीच या व्यवस्थेची खरी फलश्रुती होय. जम्मूच्या डोंगरातील हिंदू समाज सामूहिकपणे उठून निघून गेला नाही. गावे रिकामी झाली नाहीत. मंदिरातील दिवा विझला नाही आणि शेत पडीक राहिले नाही. खोऱ्यात जे घडले ते डोड्यात घडले नाही. याला सैन्याचे शौर्य जितके कारण आहे, तितकीच रात्र रात्र जागणाऱ्या त्या सामान्य शेतकऱ्याची छातीही कारण आहे.

या प्रश्नाला केवळ जमातवादाचा रंग देणाऱ्यांनी आणखी एक पान उलटून पाहावे. पूंछमधील हिलकाका परिसरात २००३ च्या 'सर्पविनाश' मोहिमेच्या काळात दहशतवाद्यांविरुद्ध उभे राहिलेले अनेक ग्रामस्थ गुज्जर मुसलमान होते. सप्टेंबर २००९ मध्ये राजौरी जिल्ह्यातील रुखसाना कौसर या गुज्जर तरुणीने घरात शिरलेल्या दहशतवाद्यावर कुऱ्हाडीने प्रहार केला आणि त्याचीच बंदूक हिसकावून त्याला ठार केले. राष्ट्राने तिला कीर्तिचक्र देऊन गौरविले. आपले गाव आणि आपली माणसे राखण्याची प्रेरणा कोणाला जात विचारून येत नाही. जो या मातीचा शत्रू, तो या गावाचा शत्रू, एवढे साधे गणित तेथील अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला कळते. दिल्लीच्या वातानुकूलित सभागृहांतील विचारवंतांना मात्र ते कळत नाही.

शंभर काडतुसांचे अर्थशास्त्र

आता मूळ मुद्द्याकडे यावे. बंदूक म्हणजे लोखंड आणि लाकूड. तिच्यात प्राण ओततो तो काडतूस. काडतूस नसेल तर चार किलो वजनाची ती रायफल म्हणजे एक महागडी काठी, आणि तीही काठीपेक्षा फिरवायला अवघड.

थ्री-नॉट-थ्री रायफलीचे ब्रिटिश घराणे १८९५ इतके जुने आहे. दोन महायुद्धे तिने पाहिली. १९६२ मध्ये रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीने हीच रायफल हाती धरून, काडतुसे संपेपर्यंत आणि संपल्यावर हातघाईवर येऊन, चिनी लाटा अडवल्या. तिच्या दणकटपणाविषयी वाद नाही. परंतु तिच्यात एक गोळी झाडली की बोल्ट हाताने मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावा लागतो, तेव्हा दुसरी गोळी नळीत चढते. तिच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात. समोरच्याच्या हातातील एके-४७ च्या मॅगझिनमध्ये तीस असतात आणि घोडा दाबून धरला तर ती काही क्षणांत रिकामी होते. या विषम लढतीत ग्रामरक्षकाच्या बाजूला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे अचूक नेम. आणि नेम हा सरावाशिवाय येत नाही.

येथेच खरी मेख आहे. एखाद्या ग्रामरक्षकाच्या हाती शंभर काडतुसे आहेत असे धरावे. त्याने वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी अवघी दहा काडतुसे सरावासाठी वापरली, तर पाच वर्षांत त्याची पेटी रिकामी होईल. नवी कधी मिळतील आणि मिळतील की नाही, याची शाश्वती नसलेला माणूस काय करील? तो सराव करणारच नाही. काडतुसे कापडात गुंडाळून तो ट्रंकेच्या तळाशी ठेवील, दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहील आणि देवाच्या भरवशावर झोपेल. टंचाईत माणूस असाच वागतो. घरात धान्य कमी असले की गृहिणी एक वेळचे जेवण कमी करते, तसा हा रक्षक आपला सराव कमी करतो. हा त्याचा दोष नव्हे, हा पुरवठा करणाऱ्याचा दोष आहे.

बरे, ट्रंकेत ठेवलेले काडतूस तरी चिरंजीव असते काय? पितळी नळी, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, अशी त्याची रचना. हिमवर्षाव, पावसाळा आणि चुलीचा धूर यांनी भरलेल्या घरात वर्षानुवर्षे पडलेल्या काडतुसाची टोपी दमट होते, पितळेवर हिरवा गंज चढतो, दारूचा गुण उतरतो. ऐन वेळी घोडा दाबावा आणि नुसता 'खट' असा आवाज यावा, यापेक्षा भीषण क्षण रक्षकाच्या आयुष्यात दुसरा नसेल. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्या अंत्यसंस्कारात पोलिसांनी मानवंदनेसाठी रायफली उचलल्या आणि एकाही रायफलीतून बार उडाला नाही. देशभर हसू झाले. ती मानवंदना होती म्हणून हसण्यावर निभावले. तो हल्ला असता तर?

मुंबईने धडा घेतला काय?

हे दूरच्या डोंगरातले दुखणे आहे, असे समजून महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने निश्चिंत होऊ नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अजमल कसाब आणि त्याचा साथीदार एके-४७ मधून माणसे टिपत होते, तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या पोलिसांच्या हाती हीच थ्री-नॉट-थ्री होती, अनेकांच्या हाती तर काठीच होती. गिरगाव चौपाटीवर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी निःशस्त्र हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या आपल्या देहावर झेलल्या. अशोकचक्राने त्या बलिदानाचा सन्मान झाला. पण सन्मानाच्या आड एक लाजिरवाणे सत्य लपू देता कामा नये. या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांना सरावासाठी पुरेसा दारूगोळा मिळत नव्हता आणि नेमबाजीचा सराव खंडित झाला होता, या वस्तुस्थितीवर बोट ठेवले होते.

देशाच्या आर्थिक राजधानीतील पोलिसाला गोळी झाडण्याचा सराव नाही, कारण काडतुसे नाहीत! ज्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, जेथे वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, जेथे भंडारा, भद्रावती, अंबाझरी, भुसावळ, देहूरोड अशी आयुध निर्माणींची रांगच आहे, त्या राज्याच्या पोलिसाची ही अवस्था होती. विहिरीच्या काठावर राहून तहानेने मरण्याचा हा प्रकार. शौर्याच्या बळावर टंचाई झाकण्याची जी आपल्या राज्यकर्त्यांना सवय जडली आहे, तिला आता तरी आळा बसला पाहिजे. ओंबळे यांचे शौर्य हा राष्ट्राचा अभिमान आहे. त्यांच्या हाती काठीच होती, हा शासनाचा कलंक आहे.

कारगिल ते महालेखापरीक्षक

पोलीस आणि ग्रामरक्षक यांची ही कथा, तर खुद्द सैन्याची कथा काय वेगळी आहे? १९९९ च्या कारगिल युद्धात तत्कालीन सेनाप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जे हाती आहे त्याच्या बळावर लढू, असे जाहीरपणे सांगावे लागले. सेनापतीच्या तोंडचे ते उद्गार ऐकून देशाचा ऊर भरून आला. वास्तविक तो भरून येण्याबरोबरच जळायलाही हवा होता. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण झाडले. ते पुरवण्यासाठी ऐन युद्धात परदेशांकडे धाव घ्यावी लागली, आणि गरजवंताला बाजारात जी किंमत मोजावी लागते ती मोजावी लागली.

इतके होऊनही कोणी शहाणे झाले नाही. घनघोर युद्धाचे ४० दिवस पुरेल इतका साठा सैन्याजवळ असावा, असा मानदंड ठरलेला होता. किमान २० दिवसांच्या साठ्याखाली जाणे हा अस्वीकारार्ह धोका मानला जाई. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात काय आढळले? मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकार या किमान पातळीच्या खाली होते आणि निम्मे प्रकार तर दहा दिवसही पुरणारे नव्हते. दहा वर्षे अखंड सत्ता भोगणाऱ्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या कारभाराला याचे उत्तर द्यावे लागेल. परंतु न्याय करायचा तर पूर्ण करावा. २०१७ च्या पुढील अहवालात, सप्टेंबर २०१६ च्या स्थितीनुसार, १५२ पैकी ६१ प्रकार अजूनही दहा दिवसांच्या आतलेच होते. तोवर दिल्लीत सत्तांतर होऊन दोन वर्षे लोटली होती. उरीच्या हल्ल्यानंतर तातडीची खरेदी झाली, उपसेनाप्रमुखांना खरेदीचे विशेष अधिकार मिळाले, २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची सात महामंडळांत पुनर्रचना होऊन दारूगोळ्याच्या महामंडळाचे मुख्यालय पुण्यात आले, आणि २०२४ मध्ये कानपूर येथे खासगी क्षेत्रातील मोठा दारूगोळा कारखाना सुरू झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण आपले सरकार आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही राष्ट्रभक्ती नव्हे. ती आळशीपणाची दुसरी तऱ्हा आहे.

दारूगोळ्याचा साठा करणे ही केवळ पैशाची गोष्ट नाही, हेही समजून घेतले पाहिजे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि ती विझवताना अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी प्राणास मुकले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. सीमेवरच्या एका काडतुसामागे विदर्भातल्या एखाद्या कामगाराचे आयुष्य असे पणाला लागलेले असते. म्हणूनच ते काडतूस योग्य वेळी योग्य हातात पोहोचले नाही, तर तो त्या कामगाराचाही अपमान ठरतो.

'भारताचा अमेरिका करायचा आहे काय?'

ग्रामरक्षकांना पुरेशी काडतुसे द्या, एवढे म्हणण्याचा अवकाश, की एक ठरावीक आरोळी उठते. समाजाच्या हाती शस्त्रे देणार काय? भारताचा अमेरिका करणार काय? प्रश्न विचारणाऱ्यांनी अमेरिकेकडे नीट पाहिले असते, तर त्यांना आपल्याच आरोपाचे उत्तर सापडले असते.

अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक येथील शाळेत हत्याकांड झाले. आता कायदे कडक होणार या भीतीने बंदूकधारी नागरिक दुकानांवर तुटून पडले आणि साध्या पॉइंट टू-टूची काडतुसेसुद्धा महिनोन् महिने बाजारातून नाहीशी झाली. २०२० मध्ये महामारी आणि दंगली यांच्या छायेत पुन्हा तेच घडले. शस्त्रखरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासणीचे अर्ज त्या एका वर्षात चार कोटींच्या जवळ पोहोचले. दुकानदारांनी एका ग्राहकाला किती खोकी द्यायची यावर बंधने घातली. ज्याच्याकडे पुरेशी होती त्याने आणखी भरली, आणि ज्याला शिकारीसाठी, खेळासाठी वा नवशिक्यांना शिकवण्यासाठी हवी होती तो रिकाम्या हाताने परतला. टंचाईच्या भीतीने साठा आणि साठ्यामुळे टंचाई, असे ते चक्र. प्रत्येकाने स्वतःपुरते साठवले, सर्वांसाठी कोणी साठवले नाही. व्यक्तीला समाजापासून तोडणाऱ्या जीवनदृष्टीची ती अपरिहार्य परिणती होय.

जम्मूचा ग्रामरक्षक या चित्रात कोठे बसतो? तो बाजारातून शस्त्र विकत घेत नाही. त्याची रायफल पोलिसांच्या नोंदवहीत चढलेली असते. तो जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिपत्याखाली काम करतो. त्याला स्वतःच्या कोठारात हजार काडतुसे नकोत, त्याच्या ठाण्यात त्याच्यासाठी ती असावीत एवढीच त्याची अपेक्षा आहे. व्यक्तीने भयापोटी केलेला साठा समाज पोखरतो, तर राज्याने विवेकाने केलेला साठा समाज राखतो. हा भेद ज्यांना दिसत नाही, त्यांनी आधी चष्मा बदलावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळता येणार नाही. काही ग्राम संरक्षण समिती सदस्यांवर शस्त्राच्या गैरवापराचे गुन्हे नोंदले गेले. हे खरे आहे आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. राष्ट्राने विश्वासाने दिलेले शस्त्र वैयक्तिक भांडणात वापरणारा माणूस ग्रामरक्षक राहण्यास अपात्र आहे. त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. परंतु एखाद्या डॉक्टरने हलगर्जी केली म्हणून कोणी रुग्णालये बंद करीत नाही. गैरवापरावर उपाय निवड, शिस्त, प्रशिक्षण आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब हा आहे. निःशस्त्रीकरण हा उपाय नव्हे, कारण डोंगरापलीकडून येणाऱ्याचे निःशस्त्रीकरण कोणी करीत नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी किश्तवाडच्या जंगलात गुरे चारायला गेलेल्या दोन ग्रामरक्षकांना पळवून नेऊन ठार मारण्यात आले. त्यांच्या मानवाधिकारांसाठी दिल्लीत किती मेणबत्त्या पेटल्या?

पूर्वजांचे शहाणपण

भारतीयाच्या हाती शस्त्र असणे म्हणजेच धोका, ही कल्पना मूळची या देशाची नाही. १८७८ चा शस्त्रकायदा लॉर्ड लिटनच्या राजवटीने आणला, तो १८५७ ची धास्ती मनात धरून. काँग्रेसने त्याविरुद्ध आवाज उठवला. अहिंसेचे पुजारी महात्मा गांधी यांनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिशांच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सैनिकीकरणाचा मंत्र दिला, तो हेच वैगुण्य ओळखून. ज्यांना आज हा विषय 'हिंदुत्ववाद्यांचा' वाटतो, त्यांनी आपल्याच पूर्वसूरींचे ठराव वाचावेत.

आणि आणखी मागे जायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'कडे जावे. शिवछत्रपतींच्या राजनीतीचे ते सार आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ असू नये, ठरावीक दिवसांनी अधिकाऱ्याने स्वतः जाऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, इतका बारीक विचार त्यात आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी दारूला ऊन दाखवण्याची तारीख ठरलेली होती! आज डोड्यातील ग्रामरक्षकाच्या ट्रंकेतले काडतूस शेवटचे कधी तपासले गेले, हे त्याच्या ठाण्यातल्या दप्तरात तरी लिहिलेले असते काय?

मागणी साधी आहे

ऑगस्ट २०२२ पासून ग्राम संरक्षण समित्यांचे रूपांतर ग्राम संरक्षण गटांत झाले. मानधन महिन्याला साडेचार हजार आणि चार हजार रुपये असे ठरले. ढांगरीनंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने प्रशिक्षण दिले आणि काही ठिकाणी थ्री-नॉट-थ्रीच्या जागी सेल्फ लोडिंग रायफली आल्या. चार हजारांहून अधिक गटांच्या या जाळ्यात हा बदल निवडक गावांपुरता राहू नये. सरावाची काडतुसे वेगळी आणि राखीव काडतुसे वेगळी, असे दोन स्वतंत्र हिशेब असावेत, म्हणजे सराव करणाऱ्याला आपली शिदोरी खर्च झाल्याची भीती वाटणार नाही. ठरावीक मुदतीने जुनी काडतुसे ठाण्यात जमा करून नवी द्यावीत. वृद्ध वा दिवंगत रक्षकाची रायफल परत घेतली, तर ती त्याच गावातील तरुणाच्या हाती सोपवावी, गाव रिकामे ठेवू नये. मानधन वेळेवर मिळावे. आणि सैन्याच्या दारूगोळ्याचा साठा मानदंडाला उतरतो की नाही, याची दरवर्षी संसदीय समितीपुढे गोपनीय का होईना, पण निश्चित झडती व्हावी. रशिया-युक्रेन युद्धात युरोपीय महासंघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले आणि मुदत सरली तेव्हा जेमतेम निम्मे हाती होते. धनाढ्य युरोपची ही कथा. युद्ध सुरू झाल्यावर कारखाने काढता येत नाहीत, हा त्यातला धडा.

यात महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबाने काय करायचे? आपल्या खासदाराला रस्ता आणि पाणी यांबरोबर हाही प्रश्न विचारायचा. मुलगा वा मुलगी राष्ट्रीय छात्रसेनेत जाऊ म्हणाली, तर अभ्यास बुडेल म्हणून मोडता घालायचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा घराघरांत पेढे वाटले गेले. त्या पदकामागे वर्षानुवर्षांच्या सरावातील असंख्य काडतुसे आहेत, हेही त्या पेढ्याबरोबर मुलांना सांगायला हवे.

ढांगरीच्या त्या रक्षकाने गोळी झाडली तेव्हा आपल्याजवळ किती काडतुसे उरली आहेत, हे त्याने मोजले नसेल. ते मोजण्याचे काम त्याचे नाही. ज्यांचे ते काम आहे, त्यांनी मात्र ते पुढच्या हल्ल्यापूर्वी करावे. त्यानंतर केलेली मोजणी फक्त पंचनाम्याच्या उपयोगी पडते.